मराठीत एकच ‘ऐतिहासिक’, इंग्रजीत दोन : ‘हिस्टॉरिक’ की ‘हिस्टॉरिकल’?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या शताब्दी स्मरणिकेचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आलं. त्यात एक साधं वाक्य होतं : ‘संस्थेच्या ऐतिहासिक दप्तरात या ऐतिहासिक ठरावाची नोंद आजही पाहायला मिळते.’ मी दोन्ही ठिकाणी ‘हिस्टॉरिकल’ लिहिलं आणि पुढच्या वाक्याकडे वळले. स्मरणिका छापून आली तेव्हा परदेशात राहणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने विचारलं, ‘हा ठराव जुना होता, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं का?’ त्या ठरावाने संस्थेची दारं मुलींसाठी उघडली होती. मूळ लेखकाने त्या एका शब्दात सगळा अभिमान ओतला होता आणि माझ्या इंग्रजीत तो कुठेच उतरला नव्हता. दप्तराला ‘हिस्टॉरिकल’ बरोबर होतं. ठरावाला ‘हिस्टॉरिक’ हवं होतं.

तेव्हापासून या जोडीकडे मी फार लक्ष देते. विद्यार्थ्यांचे निबंध, गडावरचे माहितीफलक, सरकारी पत्रकं, अहवाल, सगळीकडे ही गफलत दिसते आणि तिचं कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द दोन वेगळी कामं करतो. बोलताना आपण संदर्भावरून अर्थ बरोबर पकडतो, त्यामुळे दोन अर्थ आहेत हेच जाणवत नाही. शब्दकोश उघडावा तर दोन्ही इंग्रजी शब्दांपुढे ‘ऐतिहासिक’ हाच प्रतिशब्द असतो. मग जो आधी आठवेल तो लिहिला जातो, आणि बहुतेकांना लांबडा ‘हिस्टॉरिकल’ जास्त अभ्यासू वाटतो.

यातून बाहेर पडायचं तर इंग्रजी नियम पाठ करण्याआधी मराठी वाक्याकडे नीट पाहायला हवं. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

पहिली पायरी : मराठी शब्द फोडा

वाक्यातला ‘ऐतिहासिक’ काढा आणि त्या जागी दोन पर्याय आलटून पालटून ठेवा.

पहिला पर्याय : ‘इतिहास घडवणारा’, ‘इतिहासात नोंद होईल असा’.

दुसरा पर्याय : ‘इतिहासाचा’, ‘इतिहासाविषयीचा’, ‘इतिहासातला’, ‘पूर्वीच्या काळचा’.

पहिला चपखल बसला तर ‘हिस्टॉरिक’. दुसरा बसला तर ‘हिस्टॉरिकल’.

६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला शिवराज्याभिषेक घ्या. तो इतिहास घडवणारा प्रसंग, म्हणून ‘अ हिस्टॉरिक इव्हेंट’. त्या सोहळ्याला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता आणि त्याने सोहळ्याचं वर्णन लिहून ठेवलं. ते वर्णन आपल्याला इतिहासाबद्दल माहिती देतं, म्हणून ते ‘अ हिस्टॉरिकल रेकॉर्ड’. एकाच दिवसाशी जोडलेल्या दोन गोष्टी, पण एकीने इतिहास घडवला आणि दुसरीने तो टिपला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. तो प्रवास ‘हिस्टॉरिक’. त्या काळचे भाड्याचे दर आणि वेळापत्रकं आज कोणी अभ्यासाला घेतली, तर ती ‘हिस्टॉरिकल’ सामग्री. दरपत्रकाने काही घडवलं नाही. ते फक्त तेव्हाचं आहे.

दुसरी पायरी : उलटा शब्द शोधा

शब्द फोडूनही मन डळमळत असेल, तर मी विद्यार्थ्यांना विरुद्धार्थी शब्द विचारते. माझ्या अनुभवात ही कसोटी सगळ्यात कमी वेळा फसते.

या वाक्यातल्या ‘ऐतिहासिक’च्या उलट काय? उत्तर ‘किरकोळ’, ‘रोजचा’, ‘नेहमीचा’ असं आलं, तर ‘हिस्टॉरिक’. उत्तर ‘काल्पनिक’, ‘पौराणिक’, ‘आजचा’ असं आलं, तर ‘हिस्टॉरिकल’.

मराठी रंगभूमीच्या जुन्या जाहिराती आठवा. नाटक पौराणिक, ऐतिहासिक किंवा सामाजिक असायचं. तिथे ‘ऐतिहासिक’ हा एक प्रकार आहे, पौराणिक आणि सामाजिकच्या रांगेत बसणारा. त्या शब्दात नाटकाची स्तुती नाही आणि निंदाही नाही. रांगेत बसणारा हा ‘ऐतिहासिक’ म्हणजे कायम ‘हिस्टॉरिकल’ : हिस्टॉरिकल प्ले, हिस्टॉरिकल नॉव्हेल, हिस्टॉरिकल फिल्म.

कादंबरीच्या बाबतीत तर मराठीतच एक सुंदर जोडी सापडते. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ती विधवांच्या दुःखाची, लेखकाच्या स्वतःच्या काळातली कथा आहे. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची, शिवकाळात घडणारी, आणि मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी. आता इंग्रजीत सांगायचं झालं, तर ‘यमुनापर्यटन’ ही ‘हिस्टॉरिक नॉव्हेल’ आहे पण ‘हिस्टॉरिकल नॉव्हेल’ नाही. तिने मराठी गद्यात नवी वाट पाडली, पण तिचा विषय इतिहास नव्हे. ‘मोचनगड’ तिच्या विषयामुळे ‘हिस्टॉरिकल नॉव्हेल’ आहे, आणि आपल्या प्रकारातली पहिली म्हणून तिला ‘हिस्टॉरिक’ म्हटलं तरी चालेल. एकच वस्तू दोन्ही असू शकते. तुम्ही तिच्याबद्दल त्या वाक्यात काय सांगताय, त्यावर शब्द ठरतो.

‘काल्पनिक’च्या उलट असलेला ‘हिस्टॉरिकल’ जरा वेगळाच आहे. ‘द हिस्टॉरिकल बुद्ध’ असं अभ्यासक लिहितात तेव्हा त्यांना सांगायचं असतं : आख्यायिकांतले बुद्ध बाजूला ठेवून, प्रत्यक्ष होऊन गेलेले बुद्ध. इथे ‘हिस्टॉरिक’ घातलं तर वाक्याचा अर्थच जाईल. एखादी व्यक्ती खरोखर होऊन गेली की लोककथेतच आहे, यावर लिहिताना शब्द ‘हिस्टॉरिकल’च.

तिसरी पायरी : काळ तपासा

‘हिस्टॉरिक’ला भूतकाळाचं बंधन नाही. उद्याचा सामना, आजचा निकाल, पुढच्या महिन्यात होणारं प्रक्षेपण, या सगळ्यांना ‘हिस्टॉरिक’ म्हणता येतं. ‘हिस्टॉरिकल’ मात्र मागे पाहणारा शब्द आहे. ‘टुमॉरोज हिस्टॉरिकल मॅच’ असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, जुन्या काळची वेशभूषा करून कोणी सामना खेळणार आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी लोकांनी त्याला ऐतिहासिक निर्णय म्हटलं. निर्णय काही तासांपूर्वीचा होता, म्हणजे इतिहासातला नव्हता, पण इतिहासात राहणार होता. म्हणून ‘अ हिस्टॉरिक डिसिजन’. त्या दिवशीचे कितीतरी इंग्रजी शुभेच्छासंदेश मी ‘हिस्टॉरिकल डिसिजन’ म्हणणारे पाहिले. आपल्या भाषेच्या आनंदाच्या दिवशी शब्द असा निसटू नये, असं मला मनापासून वाटतं.

पावसाचं उदाहरणही याच पायरीवर कामाला येतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो पाऊस ‘हिस्टॉरिक’. त्याची तुलना करण्यासाठी आपण मागच्या अनेक दशकांचे आकडे काढतो, ते ‘हिस्टॉरिकल डेटा’. शेअर बाजारातला मागचा परतावा, हिशेबातली मूळ खरेदी किंमत, धरणातल्या पाण्याची आजवरची सरासरी, सगळीकडे ‘हिस्टॉरिकल’. या आकड्यांत थोरपण काहीच नाही. ते आधीचे आहेत, बस.

पण आकड्याने आजवरची सीमा ओलांडली की शब्द बदलतो. रुपया आजवरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेला, तर ‘हिस्टॉरिक लो’. ‘हिस्टॉरिकल ॲव्हरेज’ आणि ‘हिस्टॉरिक लो’ एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी येऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

‘हिस्टॉरिक’ म्हणजे कौतुक, असं समजू नका

इथवर आलेले विद्यार्थी एक सोपं समीकरण करून टाकतात : चांगलं असेल तर ‘हिस्टॉरिक’. ते खरं नाही. ‘हिस्टॉरिक’मध्ये वजन असतं, गुण असेलच असं नाही. फाळणीच्या वेळचं स्थलांतर ‘हिस्टॉरिक’ आहे, दुष्काळ ‘हिस्टॉरिक’ असू शकतो.

एखाद्या चुकीलाही ‘हिस्टॉरिक’ म्हटल्याचं उदाहरण तर आपल्या राजकारणातच आहे. १९९६ साली ज्योती बसूंना पंतप्रधानपद स्वीकारू न देण्याचा निर्णय त्यांच्या पक्षाने घेतला, आणि पुढे बसूंनी त्याला ‘हिस्टॉरिक ब्लंडर’ म्हटलं. परिणाम दूरवर पोहोचणारी घोडचूक, हा त्याचा अर्थ. आता ‘हिस्टॉरिकल ब्लंडर’ म्हणजे काय? मालिकेत शिवकाळ दाखवताना पाठीमागून आगगाडी गेली, तर ती इतिहासाविषयीची चूक झाली. ती ‘हिस्टॉरिकल’. वर्तमानपत्रं ही दोन सर्रास मिसळतात आणि वाचणारा संदर्भावरून समजून घेतो, पण लिहिणाऱ्याने मिसळू नयेत.

चौथी पायरी, आणि सगळ्यात अवघड : वास्तू आणि जागा

घटना, निर्णय, कादंबऱ्या यांत कसोट्या स्वच्छ चालतात. किल्ला, वाडा, देऊळ, शहर म्हटलं की गुंता होतो, कारण किल्ला जुनाही असतो आणि महत्त्वाचाही. ‘ऐतिहासिक वाडा’ म्हणताना आपल्या मनात दोन्ही अर्थ एकदमच असतात.

इथे प्रचार पाहावा लागतो. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जतन करण्याजोग्या वास्तूंसाठी ‘हिस्टॉरिक’ रुळला आहे. अमेरिकेत १९६६च्या कायद्यानुसार जी राष्ट्रीय यादी ठेवली जाते, तिचं नाव ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’. इंग्लंडमध्ये वारसा सांभाळणारी सरकारी संस्था २०१५पासून ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या नावाने काम करते. उलट इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या संस्था पाहा : १८६८ची लंडनची ‘रॉयल हिस्टॉरिकल सोसायटी’, १८८४ची ‘अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन’. वास्तूला एक शब्द, अभ्यासाला दुसरा. आपल्या पुण्यातलं १९१०चं भारत इतिहास संशोधक मंडळ कशा प्रकारची संस्था आहे हे इंग्रजीत सांगायचं झालं, तर ते ‘अ हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूट’. मंडळाचं मराठी इतिहासलेखनातलं स्थान सांगायचं असेल, तर ‘अ हिस्टॉरिक इन्स्टिट्यूट’. दोन्ही खरं.

भारतातलं चित्र जरा वेगळं आहे, आणि आपल्याकडच्या गोंधळाचं एक मूळ कदाचित इथे असावं. आपल्या राज्यघटनेत दोन्ही शब्द येतात. अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचं रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकतं, आणि तिथे शब्द आहेत ‘आर्टिस्टिक ऑर हिस्टॉरिक इंटरेस्ट’. त्याच घटनेच्या सातव्या अनुसूचीत, केंद्राच्या यादीतल्या ६७व्या नोंदीत, लिहिलंय ‘एन्शंट अँड हिस्टॉरिकल मॉन्युमेंट्स’. मग १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आला. त्यात प्राचीन स्मारकाची व्याख्या करताना ‘हिस्टॉरिकल, आर्किऑलॉजिकल ऑर आर्टिस्टिक इंटरेस्ट’ असं म्हटलं, आणि किमान शंभर वर्षांची अट घातली. त्यामुळे आपल्याकडच्या सरकारी फलकांवर, अर्जांत आणि अहवालांत ‘हिस्टॉरिकल मॉन्युमेंट’ इतका मुरलाय की त्याला चूक म्हणणं बरोबर होणार नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते. कायद्याचा, अर्जाचा किंवा न्यायालयीन कागद असेल, तर कायद्यातला शब्द जसाच्या तसा ठेवते. पर्यटकांसाठी, मासिकासाठी किंवा गडावरच्या फलकासाठी लिहीत असेन, तर उभ्या असलेल्या वास्तूला ‘हिस्टॉरिक’ म्हणते : हिस्टॉरिक फोर्ट, हिस्टॉरिक वाडा, द हिस्टॉरिक सिटी ऑफ पैठण. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेले बारा किल्ले, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत, हे सगळे ‘हिस्टॉरिक फोर्ट्‌स’. मात्र एखादी जागा फक्त इतिहासाची माहिती देण्यासाठी असेल, तर ‘हिस्टॉरिकल’. ‘अ हिस्टॉरिकल म्युझियम’ म्हणजे इतिहासाच्या वस्तू मांडलेलं संग्रहालय. ते मागच्या वर्षी सुरू झालेलंही असू शकतं. ‘अ हिस्टॉरिक म्युझियम’ म्हणजे जे संग्रहालय स्वतःच नावाजलेलं आणि जुनं आहे ते, मग आत चित्रं असोत की पक्षी.

कागदपत्रांनाही हाच न्याय. पेशवे दफ्तरातल्या मोडी रुमालांत बांधलेले हजारो कागद, धान्याचे हिशेब, घोड्यांच्या चाऱ्याच्या नोंदी, हे ‘हिस्टॉरिकल डॉक्युमेंट्‌स’. २६ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेने स्वीकारलेली राज्यघटना ‘अ हिस्टॉरिक डॉक्युमेंट’. चाऱ्याच्या हिशेबाला ‘हिस्टॉरिक’ म्हणायची गरज नाही. अभ्यासकाला तो हिशेब घटनेइतकाच मोलाचा वाटू शकतो, ही गोष्ट वेगळी.

जिथे नियम थांबतो

काही जागी शब्द परंपरेने ठरलेला असतो. तिथे वरच्या पायऱ्या लावत बसू नका.

पुरातत्त्वात ‘हिस्टॉरिक’ म्हणजे ज्या काळाबद्दल लेखी पुरावा मिळतो तो. ‘प्रीहिस्टॉरिक’ म्हणजे त्याआधीचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं इंग्रजीत ‘प्रीहिस्टॉरिक’. तिथे ‘प्रीहिस्टॉरिकल’ लिहू नये. ह. धी. सांकळियांनी उत्खनन केलेल्या नेवाशाच्या थरांबद्दल वाचताना ‘अर्ली हिस्टॉरिक पीरियड’ असा शब्दप्रयोग भेटेल. तिथे ‘इतिहास घडवणारा काळ’ असा अर्थ लावलात तर फसाल. तो कालखंडाचा पारिभाषिक शब्द आहे.

व्याकरणातही असंच. ‘महाराज पेटाऱ्यातून निसटतात, पहारेकऱ्यांना पत्ता लागत नाही’ अशी जुनी गोष्ट चालू काळात सांगितली, तर त्याला आपण ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतो. इंग्रजीत त्याला ‘हिस्टॉरिक प्रेझेंट’ म्हणतात आणि ‘हिस्टॉरिकल प्रेझेंट’ही म्हणतात. दोन्ही चालतात.

ब्रिटिश बातम्या वाचणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी. तिथली वृत्तपत्रं अनेक वर्षांपूर्वीच्या अत्याचारांच्या तक्रारींना ‘हिस्टॉरिक अब्यूज’ लिहितात. वर सांगितलेल्या नियमाने तिथे ‘हिस्टॉरिकल’ यायला हवं, आणि उत्तर आयर्लंडच्या चौकशी आयोगाने आपल्या नावात ‘हिस्टॉरिकल’च वापरलं होतं. पण बातम्यांत ‘हिस्टॉरिक’ इतका पसरलाय की तुमचं वाचन थांबायला नको. तुम्ही लिहाल तेव्हा ‘हिस्टॉरिकल’ लिहा. पीडितांच्या दुःखाला चुकूनही थोरवीची छटा लागू नये, एवढी काळजी तिथे घ्यायलाच हवी.

हा सगळा भेद मुळात इतका काटेकोर नव्हता. दोन्ही शब्दांच्या मागे ग्रीक ‘हिस्टोरिया’ आहे. त्याचा अर्थ चौकशी, शोध. आपला ‘इतिहास’ मात्र ‘इति ह आस’, म्हणजे ‘असं घडलं’, यातून आला असं सांगतात. एकाचं मूळ विचारण्यात आणि दुसऱ्याचं सांगण्यात, ही गोष्ट मला नेहमी मोहवते. इंग्रजीत कित्येक वर्षं दोन्ही रूपं एकमेकांच्या जागी वापरली जात होती. हळूहळू त्यांनी कामं वाटून घेतली. म्हणून जुनी इंग्रजी पुस्तकं वाचताना ‘हिस्टॉरिक’ आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी भेटला, तर लेखकाला चूक ठरवू नका.

‘अ’ की ‘ॲन’?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. ‘ॲन हिस्टॉरिक’ असं वाचलेलं असतं आणि ते भारदस्त वाटतं. ‘हिस्टरी’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर पडतो, म्हणून ‘अ हिस्टरी’ याबद्दल कधी वाद झाला नाही. ‘हिस्टॉरिक’मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘टॉ’वर, जातो. त्यामुळे पहिला ‘ह’ दुबळा होतो, आणि पूर्वी पुष्कळजण तो जवळजवळ गिळत. तेव्हा ‘ॲन’ सोयीचं होतं. आज बहुतेक लोक ‘ह’ स्पष्ट उच्चारतात. आपण मराठी माणसं तर ‘ह’ कधीच सोडत नाही. म्हणून ‘अ हिस्टॉरिक’, ‘अ हिस्टॉरिकल’. ‘ॲन’ लिहिणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण ‘ह’ ठणठणीत उच्चारून वर ‘ॲन’ लावणं कानाला खटकतं.

क्रियाविशेषणाला दोन रूपं नाहीत

विशेषणं दोन असली तरी क्रियाविशेषण एकच : ‘हिस्टॉरिकली’. ‘हिस्टॉरिक’ला नुसतं एल-वाय जोडलेलं रूप इंग्रजीत नाही. ‘हिस्टॉरिकली इम्पॉर्टंट’ म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचं, ‘हिस्टॉरिकली लो’ म्हणजे आजवरच्या मानाने खालचं. आय-सीने संपणाऱ्या जवळजवळ सगळ्याच विशेषणांचं असंच होतं, मध्ये ए-एल घ्यावंच लागतं. ‘पब्लिकली’ हा ठळक अपवाद, त्यात ए-एल लिहीत नाहीत.

हीच नजर शेजारच्या जोड्यांवर

ही जोडी हातात बसली की तिच्या चुलत बहिणी ओळखू येतात. पण एक सांगते : प्रत्येक जोडीने कामाची वाटणी आपापल्या पद्धतीने केली आहे. ‘हिस्टॉरिक’चा नियम उचलून दुसरीकडे लावू नका.

‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ सगळ्यात सोपे, कारण इथे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. ‘आर्थिक’ म्हणजे ‘इकॉनॉमिक’ : इकॉनॉमिक पॉलिसी, इकॉनॉमिक क्रायसिस. ‘काटकसरीचा’, ‘कमी खर्चात भागणारा’ म्हणजे ‘इकॉनॉमिकल’ : लिटरला जास्त धावणारी गाडी, कमी गॅसवर होणारा स्वयंपाक. ‘इकॉनॉमिकल पॉलिसी’ लिहिलंत तर धोरण स्वस्तात पडलं असा अर्थ होईल.

‘क्लासिक’ आणि ‘क्लासिकल’मध्ये मराठी पुन्हा अडचणीत टाकते. ‘अभिजात साहित्य’ म्हणताना आपल्या मनात काळावर टिकलेल्या उत्तम कृती असतात, त्या इंग्रजीत ‘क्लासिक्स’. ‘अभिजात भाषा’ म्हणताना प्राचीन परंपरा आणि स्वतंत्र वाङ्मय असलेली भाषा, ती ‘क्लासिकल लँग्वेज’. म्हणून मराठीला मिळालेला दर्जा ‘क्लासिकल’चा आहे. रागसंगीत ‘क्लासिकल म्युझिक’. ते मराठीत ‘शास्त्रीय’ होतं, आणि ‘शास्त्रीय’चा दुसरा अर्थ ‘सायंटिफिक’ असतो, म्हणजे तिथे आणखी एक वळण आहे. एखादा गायक एखाद्या रागाची नमुनेदार, आदर्श मैफल करतो, तेव्हा ती ‘क्लासिकल’ही असते आणि ‘क्लासिक’ही.

‘इलेक्ट्रिक’ आणि ‘इलेक्ट्रिकल’मध्ये पहिला शब्द विजेवर चालणाऱ्या किंवा वीज वाहणाऱ्या नेमक्या वस्तूला लागतो : इलेक्ट्रिक मोटर, इलेक्ट्रिक शॉक, इलेक्ट्रिक बस. दुसरा विजेशी संबंधित क्षेत्राला : इलेक्ट्रिकल इंजिनिअर, इलेक्ट्रिकल फॉल्ट, इलेक्ट्रिकल गुड्स. अभियंता विजेवर चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

सराव करून पाहा

खाली काही मराठी वाक्यं देते. आधी स्वतः ठरवा, मग माझं उत्तर वाचा.

‘२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा ऐतिहासिक सत्याग्रह झाला.’ उलट शब्द ‘किरकोळ’. त्या दिवशी ओंजळभर पाण्याने माणूसपणाचा हक्क सांगितला गेला. ‘हिस्टॉरिक’.

‘तिने पुरंदरच्या तहावर ऐतिहासिक निबंध लिहिला.’ इतिहासाविषयीचा निबंध. ‘हिस्टॉरिकल’. ‘हिस्टॉरिक एसे’ म्हटलंत तर त्या निबंधाने जग हलवलं असा अर्थ होतो.

‘नाटकातली ऐतिहासिक वेशभूषा प्रेक्षकांना आवडली.’ ‘हिस्टॉरिकल’. पौराणिक वेशभूषेच्या शेजारी बसणारी ती आहे.

‘२५ जून १९८३ला भारताने लॉर्ड्‌सवर ऐतिहासिक विजय मिळवला.’ ‘हिस्टॉरिक’, विचारही करावा लागत नाही.

‘कारखान्याने यंदा ऐतिहासिक नफा कमावला.’ इथे थांबा. आजवरचा सर्वांत मोठा नफा म्हणायचं असेल, तर साधा ‘रेकॉर्ड प्रॉफिट’ जास्त नेमका. मराठीत ‘ऐतिहासिक’ आपण फार सढळ हाताने वापरतो, आणि प्रत्येक वेळी तो इंग्रजीत न्यायची गरज नसते. न्यायालयाच्या ऐतिहासिक निकालाला ‘लँडमार्क जजमेंट’ म्हणतात. २४ एप्रिल १९७३चा केशवानंद भारती खटल्याचा निकाल तसाच सांगितला जातो. पूर्वी कधी घडलंच नाही असं असेल, तर ‘अन्‌प्रेसिडेंटेड’. वाडा फक्त खूप जुना असेल, तर सरळ ‘ओल्ड’ लिहा आणि किती वर्षांचा ते सांगा. ‘दोनशे वर्षांचा वाडा’ यातून वाचणाऱ्याला ‘हिस्टॉरिक’पेक्षा जास्त कळतं.

‘या गावाला ऐतिहासिक महत्त्व आहे.’ महत्त्व कोणत्या प्रकारचं? इतिहासाच्या दृष्टीचं. म्हणून ‘हिस्टॉरिकल इम्पॉर्टन्स’, ‘हिस्टॉरिकल सिग्निफिकन्स’. याच वाक्यात लोक सगळ्यात जास्त अडखळतात. गाव ‘हिस्टॉरिक’, पण त्याचं महत्त्व ‘हिस्टॉरिकल’. महत्त्व इतिहास घडवत नाही, ते इतिहासाच्या अंगाने मोजलं जातं. ‘अ हिस्टॉरिक व्हिलेज ऑफ ग्रेट हिस्टॉरिकल इम्पॉर्टन्स’ हे वाक्य पुनरुक्तीमुळे जड आहे, पण व्याकरणाने बिनचूक आहे. दोन्ही शब्द जागच्या जागी का आहेत हे तुम्हाला सांगता आलं, की जोडी तुमच्या ताब्यात आली.

पाठवण्यापूर्वी

मजकूर पूर्ण झाल्यावर संगणकावर शोधाच्या चौकटीत ‘हिस्टॉरिक’ची इंग्रजी अक्षरं टाका, म्हणजे दोन्ही रूपं एकदमच सापडतील. प्रत्येक जागी थांबा, मूळ मराठी वाक्य शेजारी ठेवा आणि उलटा शब्द मोठ्याने उच्चारा : ‘किरकोळ’ की ‘काल्पनिक’, ‘रोजचा’ की ‘आजचा’. वीस पानांच्या मजकुराला या कामाला दहा मिनिटंही लागत नाहीत. त्या स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी पहिल्यांदा हेच केलं. चौदा जागा सापडल्या. पाच बदलल्या, दोन ठिकाणी शब्दच काढून टाकला, आणि ठरावाला ‘हिस्टॉरिक’ दिलं.